नातीचं नाव

सातारा, रविवार

चि. ताई,

गेल्या आठवड्यात फोनवर तू बाळाचं नाव सांगितलंस आणि मी पटकन म्हणून गेले, "अगं, हे आमच्या तोंडी कसं बसायचं?" तू गप्प झालीस. ते गप्प होणं मला अजून टोचतं आहे. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे, आणि आज लिहायला बसले ते माझं बोलणं मागे घेण्यासाठी.

आधी उच्चाराचं सांगते. तुमच्या वेल्सच्या भाषेत, वेल्शमध्ये, दोन 'एल' जोडीने आले की जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि कडेने नुसता वारा सोडायचा. इंग्रजांना हे जड जातं म्हणे. पण आपल्याकडे कोल्हा आहे, कल्हई आहे. आपला ल्ह जरा घोगरा, त्यांचा निव्वळ श्वासाचा, तरी दोन्ही शेजारी शेजारी राहतात. तऱ्हा, ऱ्हास यांतल्या ऱ्हचा भाऊसुद्धा त्यांच्याकडे आहे: ऱ्हियानन, ऱ्हीस. तेव्हा माझ्या नातीचं नाव मी ग्वेन्ल्हियन असंच लिहिणार. रोज सकाळी अंगणात मोठ्याने म्हणते आहे, आता बसलं.

'ग्वेन' म्हणजे शुभ्र, आणि मंगलही. एकाच शब्दात दोन्ही. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला यात आश्चर्य वाटू नये. शुभ्र आणि शुभ हे आपले शब्दही एकाच धातूतून आलेत. 'ल्हियन'चा अर्थ कुणी लिननचं कापड सांगतात, कुणी पाण्याचा लोट. अर्थ म्हणून एवढंच, आणि खरं सांगू का, एवढ्याने माझं मन हललं नसतं. नावांच्या पुस्तकात कुठल्याही नावापुढे असा एखादा गोड अर्थ छापलेला असतोच. मला हलवलं ते हे नाव ज्यांनी वागवलं त्या बायकांनी.

पहिली ग्वेन्ल्हियन उत्तरेकडच्या ग्विनेदच्या राजाची मुलगी, दक्षिणेत देहेबार्थला दिलेली. 1136 साली नवरा मदत मागायला तिच्याच माहेरी गेला होता आणि इकडे नॉर्मन चालून आले. किडवेलीजवळ तिने स्वतः सैन्य नेलं. हरली, मारली गेली, एक मुलगाही तिथेच पडला. त्या रानाला आजही तिच्याच नावाने ओळखतात. तिचा धाकटा ऱ्हीस तेव्हा चारेक वर्षांचा होता. त्याने पुढे राज्य सांभाळलं आणि 1176 साली कार्डिगनच्या किल्ल्यात कवी-गायकांची स्पर्धा भरवली. तुमच्याकडच्या ऐस्तेदवोदची सुरुवात तिथून सांगतात.

दुसरीची गोष्ट मात्र वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ती वेल्सचा अधिपती ल्हवेलिन आप ग्रिफिद याची एकुलती एक लेक. (आप म्हणजे 'चा मुलगा'. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो तशीच त्यांची रीत होती. सोळाव्या शतकात वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली गेल्यावर ती मोडत गेली. आप ऱ्हीसचे प्राइस झाले, आप हवेलचे पॉवेल, आणि गावोगाव जोन्सच जोन्स. आडनावात ओळख उरली नाही, म्हणून तर पाळण्यातल्या नावाला तिथे एवढा भार.) 1282च्या जूनमध्ये ही ग्वेन्ल्हियन जन्मली, आई बाळंतपणातच गेली. डिसेंबरात बाप मारला गेला. हे घराणं पुढे वाढू नये म्हणून इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने त्या तान्ह्या पोरीला लिंकनशायरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात टाकलं. 1337 मध्ये ती तिथेच वारली. चोपन्न वर्षं! भोवती तिची भाषा बोलणारं कुणी नाही. तिथल्या कागदांत तिचं नाव नाना तऱ्हांनी मोडूनतोडून लिहिलेलं सापडतं, कारण लिहिणाऱ्यांना तो ल्ह येतच नव्हता.

तिच्या पणजीचं नाव ऐक: तंग्विस्त्ल. तंग म्हणजे शांतता, ग्विस्त्ल म्हणजे ओलीस. शांततेसाठी ठेवलेलं ओलीस! या तंग्विस्त्लचा मुलगा ग्रिफिद खरोखरच इंग्रज राजा जॉनकडे ओलीस राहिला, आणि पुढे 1244 साली लंडनच्या टॉवरमधून निसटू पाहताना पडून मेला. त्याचा मुलगा ल्हवेलिन, त्याची ही लेक. अर्थ कळल्यावर मला ते नाव उच्चारवेना. तरीही ते नाव कुणीतरी एकदा पाळण्यात ठेवलं होतं, प्रेमानेच ठेवलं असणार.

वेल्सच्या जुन्या कथांतली एक आई, आरियान्ऱ्होद, रागाने मुलाला शाप देते: मी ठेवीन तेव्हाच याला नाव, एरवी नाही. पोर वाढतं, पण बिननावाचं. मग मामा त्याला चांभाराच्या वेषात जहाजातून तिच्याकडे नेतो. मुलगा एका इवल्या पक्ष्याला नेमका नेम धरून मारतो, आणि न ओळखता तिच्या तोंडून कौतुक निघतं, 'हा गोरा पोर, काय कुशल हात!' तेच त्याचं नाव होतं. सगळ्या शापांत हा शाप तिने पहिला घातला, हे मला फार खरं वाटलं.

म्हणून तुला एक सांगायचं आहे. लोक 'ग्वेन' एवढंच म्हणू लागतील, शाळेत सोपं पडतं म्हणून. ते होऊ देऊ नकोस. ल्ह गळला की मठातली ती पुन्हा एकटी पडते. तुमच्या उत्तरेकडच्या कार्नेदाय डोंगररांगेतल्या एका शिखराचं नाव 2009 साली बदलून कार्नेद ग्वेन्ल्हियन केलं, सातशे वर्षांनी. मुलीला चालता येऊ लागलं की तिला तिकडे ने, शिखर दाखव.

आणि बारशाला नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा. जावईबापूंच्या बहिणीला माझा निरोप दे: पुरं नाव सांग, दोनदा सांग. त्या वेळी फोन चालू ठेव. मला ऐकायचं आहे.

तुझी,
आई