खुर्ची, छत्री आणि गरी



बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण तसं विशेष नाही. फेब्रुवारीत आम्ही दोघं चिरंजीवांकडे आलो, नॉर्थ कॅरोलिनात, रॅले शहराला लागून असलेल्या कॅरी गावी. पहिले पंधरा दिवस झोपेचं वेळापत्रक सुधारण्यात गेले आणि पुढचा महिना थंडीला नावं ठेवण्यात. आता एप्रिल उजाडलाय, दारातलं डॉगवूड पांढरंशुभ्र फुललंय आणि रोज रात्री जेवणं झाली की आमच्या घरात बैठक बसते. विषय एकच. समुद्रावर मासे धरायला जायचं, चार दिवस, आणि राहायचं आरव्हीत.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत शेगडी, फ्रिज, बिछाने, न्हाणीघर, सगळं. भाड्यानं मिळते. आम्ही घेणार ती 'क्लास सी' जातीची, साधारण पंचवीस फुटी. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी झोपायची जागा असते. ती नातीनं पहिल्याच दिवशी आपल्या नावावर करून घेतली. वय वर्षं बारा, तेव्हा चढायला तीच योग्य! अशी गाडी गॅलनला 8-10 मैलच धावते. हे वाक्य चिरंजीवांनी सूनबाईंसमोर जरा हळू आवाजात उच्चारलं.

गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. या तिसरीला इकडे सरळ 'काळं पाणी' म्हणतात. ती डंप स्टेशनवर जाड नळी लावून रिकामी करावी लागते. मी म्हटलं, "काळ्या पाण्याची शिक्षा कुणाला?" चिरंजीव म्हणाले, "मलाच, अण्णा." आमच्या सौभाग्यवतींना मात्र चिंता वेगळीच. गाडीत मासे तळले तर धुराचा भोंगा वाजेल का? वाजेल म्हणे. मग तळण बाहेर, निखाऱ्यांच्या ग्रिलवर, आणि तिखलं आत, झाकण ठेवून. आमसुलं आणि तिरफळं तिनं आधीच बांधून ठेवलीत. मासे अजून समुद्रात आहेत, ही गोष्ट तिच्या लेखी किरकोळ.

आता जायचं कुठे ते सांगतो. इथून पूर्वेला चारेक तासांवर 'आउटर बँक्स' नावाची वाळूच्या बेटांची एक लांबच लांब माळ आहे. नकाशा पाहताच मी म्हणालो, "अरे, हे तर देवबाग!" ज्यांनी आमच्या मालवणजवळचं देवबाग पाहिलंय त्यांना लगेच कळेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीचं पात्र आणि मध्ये चिंचोळी पट्टी. इथे एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंड नावाची अफाट पण उथळ खाडी. मधून एकच रस्ता जातो, 12 नंबरचा. वादळात त्याच्यावरून लाटा जातात आणि वाळू साचून तो बंद होतो. रोडँथे गावातली काही घरं तर गेल्या काही वर्षांत समुद्रात कोसळली. हॅटरसचं 1870 सालचं विटांचं दीपगृह लाटांच्या तडाख्यात येऊ लागलं, तेव्हा 1999 मध्ये ते अख्खंच्या अख्खं उचलून 2,900 फूट दूर नेऊन ठेवलं! समुद्र आत येतोय म्हणून देवबागची माणसं काय बोलतात ते मी ऐकलंय. दीपगृह हलवता येतं, गाव कसं हलवायचं?

आमचा मुक्काम ऑरेगन इनलेटच्या कॅम्पग्राउंडवर. 1846 च्या एका वादळात समुद्रानं वाळूची पट्टी फोडली आणि ही खाडीची वाट तयार झाली. वारा तिथे सतत, म्हणून तंबूचा विचार सोडून आरव्ही. मोठी गाडी वाळूत न्यायची नाही, तंगडतोड करत किनाऱ्यावर जायचं. शिवाय वसंतात पायपिंग प्लोव्हर नावाचा चिमुकला पक्षी वाळूत अंडी घालतो, त्यासाठी किनाऱ्याचे काही भाग माणसांना बंद असतात. तेही आधी पाहून ठेवायचं.

वसंतच का? तर थंडीत मासळी खोल पाण्यात किंवा दक्षिणेला गेलेली असते. पाणी तापू लागलं की ती किनाऱ्याला लागते. ब्लूफिश येतो, सी मलेट येतो आणि सगळ्यांत मानाचा तो रेड ड्रम. हा नॉर्थ कॅरोलिनाचा राज्यमासा, 1971 पासून. (आपल्या महाराष्ट्रानं पापलेटला हा मान 2023 मध्ये दिला. आपली पंगत उशिरा बसली, पण पान चांगलं वाढलं!) ड्रम हा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढतो, म्हणून नाव ड्रम.

याला पकडायचे नियम मला फार आवडले. 18 ते 27 इंचांच्या मधलाच ठेवायचा, तोही माणशी रोज एक. लहान असेल तर सोडायचा, हे कुणालाही पटेल. पण मोठा असेल तरीही सोडायचा! हे मोठे मासे कित्येक दशकं जगतात आणि पुढची पिढी त्यांच्याच पोटातून येते. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, त्यामागेही विचार तोच. सोळा वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही, म्हणजे नात मोकळी. बाकीच्यांनी काढायचं. पाहुण्यांसाठी दहा दिवसांचं मिळतं.

या बैठकांत माझाही थोडा भाव वधारला, तो भरतीच्या वेळेवरून. मासे धरायचे तर भरती-ओहोटी कळायला हवी. चिरंजीवांनी फोन काढला. मी म्हटलं, थांब. तिथीला तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. कोकणातल्या पोराटोरांना हे येतं. नातीनं फोनशी ताडून पाहिलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाली, "आजोबा, चुकलं!" मी म्हटलं, चार दिवस लिहून काढ. चार दिवसांनी तिच्या लक्षात आलं की उत्तर चुकतंय, पण रोज साधारण तेवढ्याच तासांनी. म्हणजे हिशोब खरा, फक्त बंदर वेगळं. ती वहीकडे बघत राहिली. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं?

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग परवा चिरंजीवांनी तयारीचा तक्ता छापून माझ्या हातात दिला. "तपासा," म्हणाले. मीही लाल पेन घेऊन बसलो, सवय! प्रत्येकाच्या नावापुढे सामान लिहिलं होतं. स्वतःपुढे दोन काठ्या, रीळ, गऱ्या, शिसं, आमिषाची कोळंबी, बर्फाची पेटी. नातीपुढे छोटी काठी. सूनबाईंपुढे काठी आणि औषधांची पेटी. आईपुढे मसाले. आणि माझ्यापुढे: 'अण्णा – खुर्ची, छत्री, पुस्तक, गोळ्या.'

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसलाय, साखर आहे, गुडघे कुरकुरतात. तेव्हा खुर्ची आणि गोळ्या ठीकच. पण मी विचारलं, "यात माझी काठी कुठे आहे?"

तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला कुठे..." आणि थांबला.

हे वाक्य तो का पुरं करू शकला नाही, ते मला ठाऊक होतं.

गोष्ट 1990 च्या जानेवारीतली. आम्ही मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहत होतो. गळ टाकून मासे धरणं म्हणजे आमच्याकडे 'गरवणं'. शेजारी एक वयस्क गाबीत गृहस्थ होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. चिरंजीव सातवीत. संध्याकाळ झाली की भाऊंबरोबर खाडीवर. भाऊ एकदा मला म्हणालेही होते, "मास्तरांनू, पोराचो हात हलको आसा." कौतुकच होतं ते. मला मात्र राग आला. महिन्यावर सातवीची स्कॉलरशिप, मास्तरचा मुलगा आणि हात काय तर गरवण्यात हलका! एका संध्याकाळी तो ओल्या चड्डीनं, खांद्यावर बांबूची काठी घेऊन दारात आला. मी काठी ओढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. त्या रात्री सगळ्यांनी त्याच पाण्यानं आंघोळ केली.

स्कॉलरशिप मिळाली. पुढे तो इंजिनिअर झाला, इकडे आला. आणि मी कित्येक वर्षं ती काठी जाळली ते बरोबरच होतं, याचा पुरावा म्हणून ती स्कॉलरशिप सांगत आलो. कुणी विचारलंच तर म्हणायचो, खाडीच्या पाण्याची भीती वाटायची. खोटं आहे ते. पाण्याची भीती नव्हती. निकालाच्या दिवशी शिक्षकखोलीत लोक काय म्हणतील, याची भीती होती.

हे सगळं मी परवा त्याला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तो तक्ता मध्ये ठेवून. दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाई लावण्यात माझी छत्तीस वर्षं नोकरी झाली, आपली चूक वाचून दाखवायला मात्र इतका वेळ लागला.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, काठीचं एवढं नव्हतं. ती माझी नव्हती. भाऊंची होती."

मला हे आजवर माहीत नव्हतं. मी दुसऱ्याची वस्तू जाळली होती. बारा वर्षांच्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या दारात जाऊन सांगावं लागलं होतं की तुमची काठी उरली नाही. मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"म्हणाले, बांबू काय, बेटातलो दुसरो तोडूया. मास्तरांका सांगू नको."

आणि ते मला शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्यांच्याकडून येणारी मुडदुशांची वाटणी त्यानंतरही येत राहिली आणि आम्ही ती खात राहिलो. भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यापाशी चूक कबूल करायची सोय नाही. मंडळी, हे लिहितानाही मला जड जातंय. पण नातेवाईक मंडळी हे वाचतात, आणि काठीची गोष्ट मी तुमच्यापैकी अनेकांना वर्षानुवर्षं फुशारकीनं सांगितलेली आहे. म्हणून दुरुस्तीही इथेच.

तेवढ्यात सौ. आतून म्हणाली, "अकरा वाजले, गोळी घेतलीत का?" चिरंजीव उठले, पाणी आणून दिलं आणि जाता जाता माझंच लाल पेन घेऊन तक्त्यात 'खुर्ची'च्या आधी 'काठी' लिहून गेले.

काल संध्याकाळी माझी शिकवणी होती. गरीला दोरा बांधायची गाठ. दोरा गरीच्या डोळ्यातून ओवायचा, स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून काढून पुन्हा मोठ्या फासातून घ्यायचं. मग ओढण्याआधी गाठीला थुंकी लावायची, नाहीतर घर्षणानं दोरा तापून कमजोर होतो. माझी बोटं थरथरतात, डोळा दिसत नाही. तीनदा सुटली. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. माझा चढला असता. चौथ्यांदा बसली. त्यानं ओढून पाहिली आणि म्हणाला, "ठीक. पण शेपूट फार लांब ठेवलंत." दहापैकी सात धरायला हरकत नाही.

ठरलं ते असं. पहिल्या दिवशी मला नॅग्ज हेडच्या जेनेट्स पिअरवर नेणार. 1939 चा मूळ लाकडी धक्का 2003 च्या इझाबेल वादळात मोडला, आता आहे तो 2011 मध्ये उघडलेला, काँक्रीटचा, हजार फूट लांब. टेकायला कठडा, बसायला बाकं, आणि लायसन्सही वेगळं लागत नाही. तिथे हात बसला आणि गुडघ्यांनी साथ दिली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूत, त्याच्या शेजारी. लायसन्स मी तरीही काढून घेतलंय. त्यावर माझं पूर्ण नाव छापून आलंय, ते सौ.ला दोनदा दाखवून झालं.

निघायला अजून दहा दिवस आहेत. वारा, 12 नंबरचा रस्ता आणि माझी साखर, तिन्हींनी नीट वागायला हवं. खुर्ची आणि छत्री मी यादीतून काढलेली नाहीत, पुस्तक तेवढं काढलं.

माझ्या गरीला काही लागलं तर कळवतोच. नाही लागलं तरी कळवेन.