पिथमपूरचे इंजिन, देपालपूरची गाडी

इंदूरच्या वायव्येला साधारण चाळीस किलोमीटरवर देपालपूर लागते. गव्हाची नि सोयाबीनची काळी जमीन, गावालगत मोठा तलाव. परमार राजा देवपाल याच्यावरून गावाला नाव पडले, असे सांगतात. होळकरांच्या राज्यातले गाव, त्यामुळे मराठी माणसाला परके वाटत नाही. मी मात्र सर्वांत जास्त वेळ रमलो तो एका गॅरेजमध्ये.

तिथे एक जुनी पांढरी अँबॅसडर बॉनेट उघडून उभी होती. तिचे मूळचे १४८९ सीसीचे इंजिन थकले होते. भंगारात निघालेल्या दुसऱ्या अँबॅसडरचे जपानी रचनेचे इसुझु इंजिन तिच्यात बसवायचे चालले होते.

हा प्रयोग खुद्द कंपनीने आधीच केलेला आहे. अँबॅसडर म्हणजे मुळात १९५०च्या दशकातली ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्तान मोटर्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात इसुझुचे १८१७ सीसी, ७५ अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी घातली. बाहेरून तीच गोलमटोल बाई, पण हमरस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी! गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्याची. हे इंजिन मात्र पिथमपूरच्या कारखान्यातले. देपालपूर तहसिलीतल्या बेटम्याहून पिथमपूर काही लांब नाही.

मिस्त्री सांगत होता, नुसते इंजिन उचलून ठेवले की झाले, असे नसते. पाये नव्याने जुळवावे लागतात, गिअरपेटीही बरोबर येते, रेडिएटर पुरेसा लागतो आणि वेग वाढला की ब्रेकही तेवढेच सक्षम हवेत. शिवाय आरटीओची मंजुरी घेऊन आरसी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवायचा.

मालक गृहस्थ साठीचे. गाडी वडिलांची. "सर, हिचा गिअर स्टिअरिंगला होता. पुढच्या सीटवर आई-बाबांच्या मध्ये मी बसायचो. आता गिअर खाली येणार, ती जागा गेली," ते म्हणाले. थोडे थांबून पुढे म्हणाले, "पण गाडी चालेल तरी. नाहीतर कोंबड्या अंडी घालतील हिच्यात."

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आता नवे इंजिन येणार नाही. एका गाडीच्या मरणावर दुसरी जगणार. जुने जपायचे म्हणजे ते जसेच्या तसे ठेवायचे, असा आपला समज असतो. त्या गृहस्थांनी मधली जागा सोडली आणि गाडी राखली. मला तो सौदा पटला.