आजीच्या पेटीतला फोटो

आमच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात आजीची दोन लुगडी, जमिनीचे कागद आणि माझी दहावीची गुणपत्रिका असते. सर्वांत तळाशी, कॅलेंडरवरून कापलेला इंदिरा गांधींचा एक फोटो पालथा पडलेला आहे. तो तिथे कसा आला, हे मी इतकी वर्षे कधी विचारले नव्हते. या पावसाळ्यात विचारले. त्याला कारण घडले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेसाठी मी आयुष्यातले पहिले मत दिले. आमच्या भागातील एका उमेदवाराच्या भाषणाने मी अगदी भारावून गेले होते. मुलींसाठी सकाळची एस.टी. सुरू करू, असे त्यांनी सांगितले तेव्हा हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ते निवडून आले. गाडी मात्र आली नाही. फाट्यापर्यंतचे तीन किलोमीटर मी आजही चालते आणि पहिला तास बुडतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे तो तास मला फार मोलाचा वाटतो. एकदा भिजून घरी आले आणि रागाने बडबडू लागले. आजी शांतपणे म्हणाली, "माझं बी असंच झालं व्हतं, बाय."

१९७१ साली आजीचेही पहिलेच मतदान होते. तेव्हा मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे. 'गरिबी हटाव' ही घोषणा वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली होती. आजीला अक्षरओळख नाही, पण गाय-वासरू कळत होते. इंदिराबाईंच्या पक्षाने लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या. वर्षअखेर बांगलादेशचे युद्धही जिंकले. आजीने फोटो देवांशेजारी लावला.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. आजी खडी फोडायला गेली. रेशनवर मिलो, कामावर सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. 'पाऊस काय बाईच्या हातात हाय?' म्हणून आजीने फोटो तसाच ठेवला. मग महागाई आली आणि फोटो देवांजवळून चुलीकडच्या भिंतीवर गेला. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. आजीला त्यातले काही कळले नाही. कळले ते नसबंदीची माणसे गावात येऊ लागली तेव्हा. आजोबा रात्री रानात झोपत. १९७७ साली आजीने गाय-वासरावर शिक्का मारला नाही. खुद्द इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. फोटो पेटीत गेला.

"फाडला का नाहीस?" मी विचारले.

"फाडून काय व्हनार? देवाजवळ म्याच लावला व्हता न्हवं?"

नवे आलेले आपसात भांडले आणि १९८० साली आजीने पुन्हा इंदिराबाईंनाच मत दिले, या वेळी पंजाला. पण फोटो बाहेर काढला नाही.

ही गोष्ट ऐकून मला प्रथम वाईट वाटले. विचार केल्यावर मात्र वाटू लागले, की आजीने काही गमावले नाही. १९७१ चे तिचे मत नवसासारखे होते. १९८० चे तसे नव्हते. दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा त्यात हक्क ठरला. आजी पुढे पाझर तलावाच्या कामावर गेली. तिथे मुकादमाने हजेरीत चार दिवस कमी लावले, तेव्हा ती तालुक्याला जाऊन भांडली आणि मजुरी घेऊनच परतली. नेत्याचा फोटो देवांजवळ लावणारी बाई ती हीच!

नेत्यावर विश्वास ठेवणे ही चूक नव्हे. विश्वास ठेवून घरी बसणे ही चूक. मी टाळ्या वाजवल्या, पण नंतर विचारायला गेलेच नव्हते.

आता अकरा मुलींच्या सह्यांचा अर्ज आम्ही आगारात दिला आहे. एक प्रत निवडून आलेल्या त्या साहेबांकडेही पोहोचवली आहे. नक्कल आजीच्या पेटीत आहे. उत्तर अजून आलेले नाही. सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.