चाकावरच्या घराची शाकारणी

पंचतारांकित एमआयडीसी, कागल
मृगाचा दुसरा आठवडा

ती. अक्कास,


आपल्या धाकट्याने मिशिगनमध्ये जुनं पत्र्याचं घर घेतलं हे ऐकून त्याची नोकरी गेली की काय, अशी शंका तुला आली. दोनदा फोनही झाला. नोकरी शाबूत आहे. त्याने घेतलंय ते मोटारीमागे जोडून ओढायचं बावीस फुटी घर. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळं. सुट्टी लागली की लोक ते तळ्याकाठी नेऊन लावतात आणि चार दिवस राहून परततात.

गाडी 2012 सालची. शेजारच्या इंडियाना राज्यातून आणलेली. त्या राज्यात एल्कहार्ट म्हणून गाव आहे. इचलकरंजीत माग आणि हुपरीत चांदी, तशी त्या गावाच्या आसपास ही फिरती घरं. अमेरिकेत बनणाऱ्या अशा पाच गाड्यांतल्या चार त्याच पट्ट्यातून निघतात. तेव्हा वस्तू काही चोरबाजारातली नव्हे. पैसे वाया गेले का, हा तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर गाडीच्या कोपऱ्यात दडलंय आणि पोरगं अजून तो कोपरा उकरतंच आहे.

इथं शेडमध्ये सकाळच्या चहाला त्याचे फोटो येतात, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. उसाच्या ट्रॉल्या बांधणारी आपली माणसं ते फोटो पाहून आधी हसली. "ह्यो पत्रा न्हवं, कागूद हाय," असा वेल्डरने पहिल्याच दिवशी निकाल दिला. चुकीचा नव्हता. बाहेरचं ॲल्युमिनियम मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्यामागे दीड-दीड इंची लाकडाचा सांगाडा, मध्ये कापसासारखं भरण, आतून देखणी प्लाय. लोखंड फक्त खालच्या चासीला. शाहू साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी राहणारी आपली ट्रॉली आणि हे घर, दोघांनाही चाकं आहेत एवढंच साम्य. हे घर साध्या मोटारीने ओढायचं, म्हणून वजन चोरून बांधलेलं. ते रस्त्यावरच्या खड्ड्यांनी जेवढं मरत नाही, तेवढं पाण्याने मरतं.

आणि धाकट्याने सुरुवात कशाने केली? रंगाने. आतल्या भिंतींना पांढरा हात मारला, ओट्यामागे चिकटवायच्या फरश्या लावल्या, त्याच्या बायकोने पडद्यांचं कापड आणलं. व्हिडिओंत सगळे तेच करतात, कारण तेच छान दिसतं. मग एक दिवस पलंगाखालचं सामान सरकवताना मागच्या डाव्या कोपऱ्यात त्याचा पाय जमिनीत दबला. केकवर बोट ठेवावं तसा.

कागलचं जुनं घर आठवतं का? वळीव यायच्या आत आप्पा कौलं परतून घ्यायचे. ओल दिसायची माजघरात आणि फुटकं कौल निघायचं पार आढ्याजवळ. पाणी वाशावरून ओघळत दोन-चार हात लांब येऊन टपकायचं. ट्रेलरचा न्याय हाच. त्याचं छत ईपीडीएम नावाच्या रबराच्या अखंड पन्ह्याचं. तो पन्हा सहसा गळत नाही. गळतात ती त्याला पाडलेली भोकं: हवेचा झरोका, संडासाच्या टाकीची वाफनळी, मागच्या शिडीचे स्क्रू, छत आणि भिंत जिथं भेटतात ती कडेची पट्टी. या प्रत्येक जोडावर सीलंट भरलेलं असतं. ते उन्हाने सुकतं, थंडीने आकसतं, चिरतं. वर्षातून निदान दोनदा शिडी लावून पाहावं लागतं. आधीच्या मालकाने ते पाहिलं होतं का, हे घेणाऱ्याला छतावर चढल्यावरच कळतं.

त्या मालकाने भेगा दिसतील तिथं सिलिकॉन फासून ठेवलं होतं. दुकानात स्वस्त मिळतं, दिसायला घट्ट दिसतं. पण सिलिकॉन या रबराला नीट धरत नाही आणि एकदा त्याचा थर बसला की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. ते खरवडण्यात पोराचे दोन शनिवार गेले. पेट्रोलने पुसून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं होतं. बरं झालं आधी विचारलं. ईपीडीएमला पेट्रोल लागलं की ते फुगतं आणि सगळं छतच बदलायची पाळी येते. शेवटी कडेची पट्टी उकलून तिच्याखाली ब्युटाइलची चिकट पट्टी बसवली, नवे स्क्रू मारले आणि डोक्यावर आपणहून सपाट पसरणारं, याच कामाचं सीलंट ओतलं.

गळती शोधायची तिकडची रीत मात्र शेडमधल्या सगळ्यांना आवडली. झरोक्याच्या जागी पंखा बसवून गाडीत हवा कोंडायची आणि बाहेरून जोडाजोडांवर साबणाचं पाणी फिरवायचं. फट असेल तिथं बुडबुडा येतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तसं अख्खं घर तपासायचं. आत पाणी शिरायची वाट पाहण्यापेक्षा बाहेर हवा पळताना पकडणं केव्हाही सोपं.

आता कोपरा. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी तुमच्या गल्लीत आलं, तेव्हा तुझं नवं कपाट खालून कसं फुगलं होतं, पदर सुटून पुस्तकासारखं? ट्रेलरची जमीनही लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या फळ्यांची. ती एकदा फुगली की सुकून परत जागेवर येत नाही. वरून नवी फळी ठोकणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. धाकट्याने दाभण घेऊन टोचत टोचत कोरडं लाकूड लागेपर्यंत हद्द आखली आणि तेवढा भाग कापून काढला. हातभर असेल असं वाटलेलं, साडेतीन फूट निघालं. भिंतीतल्या दोन उभ्या पट्ट्याही खालून भुसा झाल्या होत्या. त्यांना शेजारून नवं लाकूड जोडून सांधा दिला आणि आठवडाभर पंखा लावून सगळं वाळू दिलं. सुताराने फोटो पाहून एकच विचारलं, प्लाय कुठली वापरली? इकडे पाण्याच्या कामाला बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस 710 ची मरीन प्लाय घेतात, तसली तिकडची बाहेरकामाची पाऊण इंची आणली होती. सुतार मान हलवून चहाकडे वळला. त्याच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पसंतीच.

खालच्या अंगाला आपली माणसं हसायची थांबली, कारण तिथं ती घरातली. हब उघडलं, बेरिंग धुऊन पाहिली. एका बेरिंगवर निळसर झाक होती, म्हणजे कधीतरी ती ग्रीसविना तापून निघालेली. बेरिंग, तिची बाहेरची वाटी आणि ऑइल सील, तिन्ही बदलून नवं ग्रीस भरलं. तिकडचे ॲक्सल बनवणारे दर वर्षी किंवा बारा हजार मैलांनी हे काम करायला सांगतात. वर्षातले दहा महिने गाडी अंगणात उभी असते, म्हणून लोक विसरतात. ब्रेकचे ड्रम मात्र ठीक निघाले. ड्रम म्हणजे ग्रे आयर्न, शिरोलीपासून इथल्या एमआयडीसीपर्यंतच्या फाउंड्र्यांत रोज ओतला जाणारा माल. त्यातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या ब्रेकची उष्णता वाहून नेतात, म्हणून इतकी वर्षं झाली तरी पोलादाने त्याची जागा घेतली नाही.

त्या ब्रेकची एक गंमत आहे. ड्रममध्ये विजेचा चुंबक असतो. गाडी मोटारीपासून सुटलीच, तर एक तार खीळ खेचते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो. बॅटरी मेलेली असेल तर अर्थातच लावत नाही. पोराने खीळ ओढून पाहिली, चाकं अडली. हा व्हिडिओ शेडमध्ये तीनदा पाहिला गेला.

मग त्याने मोठी चूक केली, हौसेने. मागच्या बंपरवर चार सायकलींचा स्टँड आणि हत्यारांची पेटी लावली. इथल्या कुठल्याही गाडीवानाला दाखवलं असतं तर त्याने एका शब्दात सांगितलं असतं, गाडी उलार झाली. मागे भार जास्त झाला की बैलगाडीचं जू वर उचलतं आणि जोतं बैलाच्या गळ्यात रुततं. मोटारीला गळा नाही, पण तिची मागची चाकं हलकी होतात आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. म्हणून एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडायला हवा. त्याचा ट्रेलर भरल्यावर दोन टन, म्हणजे जोडावर दोनशे ते तीनशे किलो. हे मोजायला काटाघर लागत नाही. तीन फुटांच्या भक्कम तुळईचं एक टोक विटेवर, दुसरं न्हाणीतल्या वजनकाट्यावर ठेवायचं आणि विटेपासून एका फुटावर जोड टेकवायचा. काटा दाखवील त्याची तिप्पट खरी. त्याची आली एकशे चाळीस. सायकली आता मोटारीच्या टपावर गेल्या आहेत आणि हत्यारं पुढच्या पेटीत.

विजेचं काम त्याने लवकर उरकलं. जुना एक दिवा सुमारे दीड अँपिअर खायचा. असे दहा लावले तर शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीन-साडेतीन तासांत अर्ध्यावर यायची. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून त्याखाली उपसू नये, आयुष्य घटतं. एलईडी लावल्यावर दहा दिव्यांना मिळून दोन अँपिअर पुरतात. जुन्या गाडीत सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त देणारा बदल हाच. एका गोष्टीला मात्र त्याने वायरमनच्या डोक्यावर उभं राहून पाहिलं. अंगणात ट्रेलरसाठी तीस अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट बसवतात, तो 120 व्होल्टचा. दिसतो मात्र कपडे वाळवायच्या यंत्राच्या 240 च्या सॉकेटसारखा. घाईत तसा जोडला तर पहिल्या मिनिटाला आतली उपकरणं जळतात. तिकडे ही चूक इतक्यांनी केलीय की जुने ट्रेलरवाले भेटल्यावर आधी तेच विचारतात.

तुला फ्रीज आवडेल. तो गॅसच्या ज्योतीवर थंड होतो. खोटं नाही. 1922 मध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. उष्णतेने अमोनिया उकळवायचा आणि त्याच्याच फेऱ्यातून थंडावा घ्यायचा, कॉम्प्रेसर नाही की आवाज नाही. अट एकच, गाडी समतल हवी. कलती ठेवली तर आतला द्रव साचतो आणि यंत्रणा कायमची चोंदते. म्हणून धाकटा कुठंही मुक्काम केला की आधी गवंड्यासारखी पाणसळ लावतो, मग चहा. गॅसच्या नळीच्या जोडांनाही त्याने साबणाचं पाणी लावलं. ते तुला सांगायला नको, सिलिंडर बदलला की तू तेच करतेस.

शेडमध्ये आता नवाच विषय निघालाय, आपल्याकडे असं करता येईल का. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि केंद्राच्या 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगरवाहतूक वाहनांत धरलेला आहे. तेव्हा कागदावर जागा आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. उसाच्या ट्रॉलीवर खोली ठोकून गणपतीपुळ्याला निघालं तर पहिल्याच नाक्यावर मुक्काम पडेल. चाकावर संसार करणारे मात्र आपल्याकडे दर दिवाळीच्या सुमाराला येतात. बीडकडचे ऊसतोडणीवाले भांडी, अंथरुणं, पोरं, कोंबड्या एकाच ट्रॉलीत घालून आणतात आणि फडाशेजारी कोपी उभारतात. त्यांना पाणसळ कोणी देत नाही.

तर, पैसे वाया गेले नाहीत. त्याला गाडी स्वस्तात मिळाली ती कोपऱ्यामुळे आणि तो कोपरा त्याने स्वतःच्या हातांनी भरून काढला. इतकं सगळं उघडून पाहिल्यावर ती गाडी आता तो तिच्या बनवणाऱ्याइतकी ओळखतो.

एकच गोष्ट राहिलीय आणि ती तुझ्याकडून होईल. चार जुलैच्या सुट्टीत तो सगळ्यांना घेऊन उत्तरेकडे निघणार आहे, वाटेत मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल. वारा सुटला की त्या पुलावर ट्रेलरवाल्यांना थांबवतात किंवा सोबत गाडी देऊन सोडतात, अशी ती जागा. सगळ्याचे फोटो आले, टायरचे आले नाहीत. "नक्षी अजून नवी आहे," एवढंच म्हणतो. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी असो वा नसो, बदलायचे. तू सिलिंडरच्या कड्यावरचं ए, बी, सी, डी आणि साल वाचून मुदत बघतेस ना, तसे टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2314 असेल तर 2014 चा तेविसावा आठवडा.

मी विचारलं की तो विषय बदलतो. रविवारी त्याचा फोन आला की पडद्यांचं कौतुक करायच्या आधी ते चार आकडे तू विचारून घे. चारही टायरचे आणि मागच्या स्टेपनीचेही.

तुझा भाऊ