थेंब न पडणारी गळती

गाडीखालची फरशी कोरडी, एक थेंब नाही, आणि तरी कूलंटच्या टाकीतली पातळी आठवड्याला बोटभर खाली. गेल्या पावसाळ्यात या एका कोड्यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी मुलीच्या बारावीवरही झाली नसेल.

गाडी २०११ ची, पेट्रोलवर चालणारी, टर्बोवाली. आखाताहून परतलेल्या एका नातेवाइकांकडून आम्ही ती जुनी म्हणून घेतली. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक, एक उर्दू शाळेत, एक मराठी शाळेत. शिक्षकाने असली गाडी बाळगावी का, हे खाला-फुफू दर ईदला विचारतात. पण अम्मींना दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी कोल्हापूरला न्यावे लागते. रत्नागिरीहून पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. एसटीच्या सीटवर त्यांची पाठ तासभरही टिकत नाही. या गाडीची पुढची सीट जवळजवळ खाटेसारखी मागे जाते. आमचे सगळे गणित त्या सीटवर आहे.

टर्बो म्हणजे काय, हे आम्हालाही या निमित्ताने नीट कळले. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. हे फिरणे मिनिटाला लाखाच्या पुढे जाते, आणि पेट्रोल इंजिनात त्या वायूची उष्णता चढावर ९०० अंशांच्या आसपास पोचते. म्हणून आमच्या गाडीत टर्बोला तेलाबरोबर कूलंटही फिरवलेले आहे. गाडी बंद केल्यावरही एक लहानसा विजेचा पंप काही मिनिटे गुणगुणत राहतो, तापलेल्या टर्बोतले कूलंट जागीच उकळू नये म्हणून. अम्मी म्हणतात, "गाडी थांबली तरी आत कुणीतरी तस्बीह पढत बसलंय."

कूलंट कमी होण्याचा धोका नुसता पाणी कमी होण्याचा नसतो. ही सगळी व्यवस्था बंद आणि दाबाखाली असते. पाणी १०० अंशांना उकळते, पण निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी दाबाखाली असले की त्याच्या बरेच पुढे टिकते. गळती झाली की दाब सुटतो, आणि नेमके घाटात, जिथे वेग कमी आणि जोर जास्त, तिथे ते लवकर उकळते. काटा लालपर्यंत गेला की ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते. मग दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खुर्चीवर बसतो.

आम्हाला तो आकडा आधीच ऐकवला गेला. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडले, फरशी पाहिली आणि निदान झाले: बाहेर गळत नाही म्हणजे आत जळते आहे, हेड गॅस्केट गेले, ५५ हजार. तपासणी म्हणाल तर एवढीच. त्या दिवशी घरी येताना आमचे गाडी विकण्याचे ठरत आले होते. एका दलालाने गिऱ्हाईकही आणले, संगमेश्वरकडचे. भाव १ लाख ९० हजार. दलालाचा सल्ला असा की टाकीत गळती बंद करणारी पूड टाका, इंजिन धुऊन घ्या आणि चावी द्या; "घाट चढेपर्यंत कुणाला काही कळायचं नाही."

आम्ही त्या रात्री यावर बराच वेळ बोललो. गिऱ्हाइकाला ऐब सांगून विकायची, तर भाव निम्म्यावर येणार. न सांगता विकायची, हा प्रश्न खरे तर प्रश्नच नव्हता, पण ५५ हजार समोर दिसले की तो प्रश्नासारखा वाटू लागतो. अम्मी पलंगावरून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "त्यालाही कुणाला तरी घाट चढून न्यायचं असेल ना, बेटा." दलालाला सकाळी नकार कळवला.

पुढे आमचा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. नववीत शाळा सुटलेला मुलगा. शाळेच्या भाषेत याला 'गळती' म्हणतात. त्या वर्षीच्या तक्त्यात त्याचा एक आकडा आहे. मुंबईच्या गॅरेजांत बारा वर्षे हात काळे करून तो परत आला आणि हायवेलगत स्वतःचे शेड टाकून बसला. गाडी पाहिल्यावर तो म्हणाला, "सर, थेंब शोधू नका. डाग शोधा."

पण आधी त्याने हेड गॅस्केटचा संशय मिटवला. तेलाच्या झाकणाच्या आत दुधासारखा साय नव्हता, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट नव्हते. मग एका नळीत निळे द्रावण घेऊन त्याने टाकीतली हवा त्यातून ओढली. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते द्रावण पिवळे पडते. निळे ते निळेच राहिले. पाच मिनिटांचे काम होते.

नंतर थंड इंजिनावर टाकीचे झाकण काढून त्या जागी हातपंप बसवला आणि सव्वा बारपर्यंत हवा भरली. (गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे, उकळते कूलंट थेट तोंडावर येते.) वीस मिनिटांत काटा किंचित खाली आला. आरसा आणि बॅटरी घेऊन तो इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकला. टर्बोला कूलंट नेणाऱ्या नळीच्या बोल्टभोवती गुलाबीसर पांढरा थर साचला होता, किटलीच्या तोंडाशी साचतो तसा. गळणारे कूलंट तापलेल्या टर्बोवर पडायचे आणि त्याची तिथेच वाफ व्हायची. फरशी ओली होणार कशी? घाटानंतर गाडीत येणारा गोडसर वास आम्ही रस्त्याकडेच्या फुलांचा समजायचो, तो हाच.

उष्णतारोधक पत्र्याचे गंजलेले बोल्ट सोडवण्यात दीड दिवस गेला. बोल्टखालचे तांब्याचे वॉशर चपटे होऊन निकामी झाले होते. चार नवे वॉशर, १८० रुपये.

आणि तरी पातळी उतरत राहिली. आता हळू, पण उतरत होती. इथे आमचा धीर जरा सुटला. तो मात्र शांत होता. त्याने हातपंप आमच्याच अंगणात रात्रभर लावून ठेवला. फजरनंतर आम्ही टॉर्च घेऊन गेलो, तर काटा बराच खाली आणि इनटेकच्या खाली, थर्मोस्टॅट आणि पंप ज्या प्लास्टिकच्या घरात बसतात त्याच्या जोडावर एकच गुलाबी थेंब. त्याचे म्हणणे असे, की प्लास्टिक थंड झाले की आकसते आणि फट उघडते. गरम झाले की फुगून ती मिटते. म्हणून दुपारी शेडमध्ये काही दिसत नव्हते. तो सुटा भाग पंपासकट ११,८०० ला पुण्याहून मागवला, मजुरी ३,५००. मजुरी तो घेतच नव्हता, आम्ही दिली.

जुने कूलंट काढले तेव्हा ते गुलाबी नव्हते, चहासारखे तपकिरी होते. आधी कधीतरी कुणीतरी त्यात हिरवे कूलंट आणि नळाचे पाणी ओतलेले. वेगवेगळ्या जातीचे कूलंट मिसळले की गाळ धरतो. दलालाची पूडही याच अरुंद वाटांत, टर्बोच्या आणि हीटरच्या, जाऊन बसली असती. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुऊन, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे कूलंट निम्म्याला निम्मे भरले. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. काढलेले कूलंट मुलाने लगेच झाकणाच्या डब्यात भरले. ते चवीला गोड असते आणि विषारी, शेजारची मांजर नेमकी अशाच पातेल्यात तोंड घालते.

त्यानंतर अम्मींना घेऊन आंबा घाट अकरा वेळा चढून झाला. टाकीवर मुलीने मार्करने मारलेली रेघ आणि कूलंट अजून एका पातळीवर आहेत. मात्र सकाळी गाडी चालू करताना पहिले दोन सेकंद साखळीसारखा खडखडाट येतो. त्या मुलाला ऐकवला. त्याने बॉनेटला कान लावला आणि मे महिन्याच्या सुट्टीत गाडी चार दिवस सोडा म्हणाला.