एक मावळा म्हणजे एकच माणूस

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून घरी आलो की दप्तर कोपऱ्यात आणि आम्ही अंगणात. विटांच्या तुकड्यांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली तरटं, वरून हातानं थापलेला गिलावा, उतारावर पेरलेले अळीव. पेठ वडगावात आमच्या गल्लीतले दिवाळीचे बहुतेक किल्ले पन्हाळाच असायचे. दुसरा कुठला असणार? पश्चिमेला ज्योतिबाचा डोंगर, त्याच्या पल्याड पन्हाळा, आणि गावातच सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी.

मावळे सोमवारच्या बाजारातून यायचे. मातीचे, हातात धरले की बोटांना रंग लागायचा. माझ्या एका मावळ्याचा उजवा हात पिशवीतच तुटला. आईनं कणकेचा हात करून लावून दिला, तो दोन दिवसांत मुंग्यांनी नेला. तरी तोच माझा सगळ्यात लाडका.

आधी सगळं फौजेचं चालायचं. दहा माझे, दहा भावाचे. गोटी मारायची, पडेल तो मेला. एका दिवाळीत थोरला चुलतभाऊ पंच झाला आणि खेळच पालटला. त्यानं चिंचोके फोडून चार फाका केल्या. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर बेत साधला, नाहीतर फसला. मग म्हणाला, ‘‘रात्र झालीया. दरवाजा बंद. खाली सिद्दीचा वेढा. तुझा एकच मावळा बुरजावर हाय. बोल की, काय करतोस?’’

मी त्या थोट्या मावळ्याला शिवा काशीद केलं. नेबापूरचा शिवा काशीद, 1660 च्या वेढ्यात महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला आणि जिवानिशी गेला. चिंचोके हातात घेतले तेव्हा माझा हात थरथरत होता. तोवर मावळे पडायचे, उभे करायचे, परत पाडायचे. त्या रात्री मात्र तो मरू नये असं वाटलं, कारण तो मावळा मी होतो.

जगातही हा खेळ याच वाटेनं गेला, हे मला फार उशिरा कळलं. 1824 साली प्रशियात राइसविट्स नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशा, फासे आणि पंच घेऊन लष्करासाठी युद्धाचा खेळ मांडला. 1913 मध्ये एच. जी. वेल्सनं खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले. त्याच्याकडे खेळण्यातली तोफ होती, आमच्याकडे गोटी. पुढं अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढाईचे नियम काढले. त्यातल्या मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस माणसं. त्याआधीच, 1969 मध्ये, डेव्हिड वेस्लीनं मिनेसोटात एका काल्पनिक प्रशियन गावाचा खेळ मांडून खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक माणूस वाटून दिला होता. त्या मंडळींतल्याच डेव्ह आर्नेसननं मग खेळाडूंना किल्ल्याखालच्या तळघरांत उतरवलं. (आमच्याही पन्हाळ्याला फुटक्या मडक्याच्या गळ्याचं भुयार होतं. पोरांना बुरजापेक्षा त्याचीच ओढ जास्त.) आर्नेसन आणि गायगॅक्स यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये निघाला. पहिल्या खेपेला प्रती फक्त 1000. वीस माणसांचा एक माणूस झाला आणि त्याला नाव मिळालं, याहून मोठा बदल या खेळात मला दिसत नाही.

आता तयार किल्ले विकत मिळतात. स्पर्धेसाठी मुलं हातानं बांधतात ते तर बघत राहावेत असे, तटबंदी मापात, शेजारी माहितीचा फलक. 2025 मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा माझाही ऊर भरून आला. पण स्पर्धेतल्या किल्ल्याला हात लावायचा नसतो. मावळे चिकटवलेले असतात. ते मला फार लागतं. किल्ला बघायचा झाला, खेळायचा राहिला नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला तो एक छोटी पिशवी घेऊनच. टेबलावर ओतली तर चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे. शिवाय थ्रीडी प्रिंटरवर काढलेली बोटाएवढी माणसं. घरातली पोरं भोवती बसली. त्यानं आवाज खाली आणला. ‘‘रात्र झालीय. दरवाजा बंद आहे...’’

मी चहाचा कप तसाच ठेवला. चुलतभाऊ आज नाही, आणि या पोरानं त्याला कधी पाहिलेलंही नाही.

‘‘काका, तुम्ही पण बसा ना. कोण होणार?’’

‘‘शिवा.’’

त्यानं कागदावर लिहून घेतलं. ‘‘गाव?’’

‘‘नेबापूर,’’ मी म्हणालो, आणि फासा हातात घेतला.