पाइप आणि पत्ता

संस्थेच्या नेटवर्कचं काम हाती घेतलं की पहिल्या बैठकीत चर्चा होते ती डब्यांची. स्विच कुठल्या कंपनीचा, किती पोर्टचा, वॉरंटी किती वर्षांची. टेबलावर तीन कोटेशनं असतात आणि समितीतले एखादे निवृत्त बँक मॅनेजर त्यांच्या बेरजा तपासत असतात. मी ऐकून घेते. स्विच सात-आठ वर्षांनी बदलायचाच असतो. चुकीचा आला तरी एखाद्या रविवारी काढून दुसरा बसवता येतो. पुढे जन्मभर छळतात त्या दोन गोष्टी कोटेशनात बहुधा नसतातच. एक भिंतीतला पाइप, दुसरी यंत्राला दिलेला पत्ता.

आमच्याकडे आराखडे दोन निघतात. कोणी कोणाशी बोलायचं हे लॉजिकल आराखड्यात ठरतं, तार कुठून कुठे जायची हे फिजिकल आराखड्यात. पुष्कळ जण इमारतीचा नकाशा पसरून थेट तारांनाच हात घालतात. मी आधी माणसं बघते. तालुक्याच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम होतं. जुनी इमारत दगडी, शेजारी नवी चार मजली. मी सकाळी केसपेपरच्या खिडकीशी बसून राहिले. पेशंट कुठून कुठे जातो, त्याच्यामागे कागद कुठे जातो, हे पाहिलं. एक्स-रेचा टेक्निशियन दर तासाला पेन ड्राइव्ह घेऊन हाडांच्या ओपीडीत जाऊन येत होता. ही वाट संस्थेच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती, पण सगळ्यात जड वाहतूक हीच होती. एका सीटी स्कॅनची चित्रं काहीशे एमबी सहज भरतात. केसपेपरची नोंद त्यापुढे काहीच नाही.

मग विभागणी. एकाच वाड्यात राहून चुली वेगळ्या मांडणाऱ्या भावंडांसारखं हे प्रकरण असतं: तार तीच, स्विच तोच, पण हिशेब, लॅब, एक्स-रे, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय यांचे संसार निराळे. ह्याला आम्ही व्ही-लॅन म्हणतो. १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकात व्ही-लॅनच्या क्रमांकाला १२ बिट दिलेत, म्हणजे ४,०९४ व्ही-लॅन करता येतात. तरुण इंजिनिअरांना हा आकडा आमंत्रणासारखा वाटतो. एवढ्या रुग्णालयाला आठ-दहा भरपूर झाले. जी भिंत का घातली हे रात्रपाळीच्या माणसाला समजत नाही, ती तो पहिल्या अडचणीत पाडतो.

विभागणी नसली तर काय होतं, याचं उदाहरण बॉस्टनचं आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथल्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलं होतं आणि डॉक्टर, नर्सेस पुन्हा कागदावर आले होते. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत ते जाळं वाढलं होतं. तारांची वर्तुळं होऊन माहिती गरगर फिरत राहू नये म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. पण दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त स्विच नकोत हे तिचं पथ्य. इथे ते पाळलं गेलं नव्हतं. एका संशोधकाच्या कामातून माहितीचा लोंढा आला आणि सगळंच अडलं. रुग्णालयाचे तेव्हाचे माहिती विभागप्रमुख जॉन हलाम्का यांनी हे झाकून न ठेवता जाहीरपणे सांगितलं, म्हणून आमच्या धंद्याला ते ठाऊक आहे. आपल्याकडे असं सांगायची रीत अजून पडलेली नाही.

आता पत्ता. कीबोर्डवर टाइप करायचा आकडा, कधीही बदलू, असं सगळ्यांना वाटतं. पण एक्स-रे किंवा सोनोग्राफीचं यंत्र चित्रं ज्या सर्व्हरला पाठवतं, त्याचा पत्ता त्या यंत्रात हातानं भरलेला असतो, आणि बऱ्याचदा सर्व्हरमध्येही त्या यंत्राचा. बदलायचा तर प्रत्येक कंपनीचा इंजिनिअर वेगळा बोलवा, वेगळे पैसे द्या. हजेरीचं यंत्र, कॅमेरे, प्रिंटर यांची तीच तऱ्हा. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत १९२.१६८.१ पासून सुरुवात केलेली असते. घराघरांतले राउटरही अनेकदा हीच मालिका वापरतात. मग डॉक्टर घरून व्हीपीएननं रुग्णालयाच्या सर्व्हरला हाक मारतात आणि त्यांचा लॅपटॉप तो सर्व्हर घरातच शोधत बसतो.

खासगी जाळ्यांसाठी १९९४ पासून १० नं सुरू होणारी अख्खी मालिका मोकळी ठेवलेली आहे. तिच्यात एक कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत. कंजुषी कशाला? मी दुसरा आकडा इमारतीला देते, तिसरा कामाला. १०.२.४०.१७ म्हणजे नवी इमारत, लॅब, सतरावं यंत्र. रात्री फोनवर नुसता पत्ता ऐकला तरी कुठे धावायचं ते कळतं. ३० नंतर ३१ न घेता ४० घेते, कारण मधल्या जागेत उद्या डायलिसिस येणार असतं. माणसाच्या किंवा साहेबाच्या नावावर विभाग पाडत नाही. साहेब बदलतात.

फिजिकल आराखडा मात्र इमारत सांगेल तसाच होतो. तांब्याच्या केबलला एकूण १०० मीटरची मर्यादा: ९० मीटर भिंतीतून, उरलेले १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डना. छतापर्यंतची चढ-उतार मोजली की नकाशावरचे ६० मीटर कधी ८५ होतात ते कळत नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर रॅकची जागा मध्यावर हवी. आर्किटेक्ट देतात जिन्याखालची, नाहीतर संडासाला लागून, वरून ड्रेनेजचा पाइप गेलेली. या एका मुद्द्यावर मी भांडते. एक्स-रेच्या खोलीला शिशाचा पत्रा आणि एमआरआयच्या खोलीला धातूचा पिंजरा असतो. तिथे वायफायच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. जुन्या दगडी भिंतींचंही थोडंफार तसंच.

दोन इमारतींमध्ये तांबं नको, फायबरच हवं. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसतं, आणि वळवाच्या पहिल्या कडकडाटात जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेतून दोन्हीकडचे पोर्ट जळतात. काचेतून वीज जात नाही. केबलही पाहून घ्यावी. बाजारात वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल सर्रास मिळते. ब्लेडनं तार खरवडली की आतून पांढरी निघते. तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज पाठवली की तार तापते आणि दूरच्या टोकाला कॅमेरा मध्येच बंद पडतो. दोष मात्र कॅमेऱ्याला लागतो.

शाळा, पतसंस्था, रुग्णालय अशा कशाच्याही बांधकाम समितीवर तुम्ही असाल, तर एवढं करा. स्लॅब पडण्याआधी प्रत्येक मजल्यावर दोन पाइप जास्तीचे टाकून घ्या, आत ओढायची तार घालून रिकामे ठेवा. २५ मिलिमीटरच्या पाइपात चार-पाचपेक्षा जास्त केबल कोंबू देऊ नका. आणि पत्त्यांचा तक्ता कागदावर छापून संस्थेच्या कपाटात ठेवा, कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर नको. स्विच कुठला घ्यायचा, ते शेवटच्या बैठकीत ठरवलं तरी चालेल.